तीन कोठारांतले जव

त्या मुलुखात काम करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या रोजच्या दाण्यातून मूठभर जव काढून घेत आणि कोठारात ठेवत. ते त्याच्या म्हातारपणासाठी असत. मालक बदलला की कोठारही बदले. केतकी नावाच्या सांडणीने आयुष्यात तीन तांड्यांची ओझी वाहिली होती. त्यामुळे पाठीवरचे खोगीर कायमचे उतरले तेव्हा तिचे जव तीन ठिकाणी थोडे थोडे पडून होते: नदीकाठी, घाटमाथ्यावर आणि वाळूच्या पलीकडे.

तिची थोरली बहीण तांबू दृष्टी गेल्यापासून बसून असे. तिच्या तोंडात दात उरले नव्हते. भिजवलेल्या जवांखेरीज तिला काही गिळवत नसे. केतकी स्वतः काटेरी झुडपांवर भागवी. जव हवे होते ते तांबूसाठी.

नदीकाठच्या कोठारावर घूस होती. जन्मात तिने पाठीवर काडी वाहिली नव्हती. बोलताना ती डोळे मिटून घेई, जणू समोरच्याकडे पाहण्यानेही तिचे काही खर्ची पडणार होते. तिने केतकीला जिवंत असल्याचा पुरावा मागितला.

"मी समोर उभी आहे," केतकी म्हणाली.

"उभ्या आहात, ते दिसतंय. पण दिसणं म्हणजे पुरावा नव्हे."

ही तीच केतकी, असे घाटमाथ्यावरचे कोठार राखणाऱ्या मोराने सांगावे, असा नियम निघाला. केतकी घाट चढून गेली. मोराने आपला पिसारा निरखत तिला दुपार टळेपर्यंत उन्हात तिष्ठत ठेवले आणि मग सांगितले, की वाळूपलीकडचे साळिंदर हो म्हणाले तर पाहू. साळिंदराने तिला घुशीकडे परत धाडले. तिघांचाही आवाज मऊ होता. तिघांचीही पोटे जमिनीला टेकली होती. आणि मुलुखातल्या म्हाताऱ्यांना आपणच सांभाळतो, अशी तिघांचीही अगदी मनापासूनची समजूत होती. असल्या प्राण्यांत हीच गोष्ट सगळ्यांत किळसवाणी असते.

पुरावा होईपर्यंत तात्पुरते म्हणून प्रत्येक फेरीत ओंजळभर जव मिळत. तांबू तक्रार करत नसे. पण भांडे चाटून पुसून झाल्यावरही तिची जीभ बराच वेळ त्यात फिरत राही, आणि केतकी मान वळवून बसे.

शेवटी केतकीने घुशीला विनवले, की तिन्हीकडचे जव एकत्र करा, म्हणजे मला एकाच दारी यावे लागेल. घूस इतकी चटकन कबूल झाली की केतकीला भरून आले. मग जव हलवण्याबद्दल थोडे कापले गेले, वाटेत सांडतील म्हणून थोडे, आणि किती कापले ते ठरवण्याबद्दल आणखी थोडे. नदीकाठी नक्षीदार दाराचे नवे कोठार उठले. रखवाली वाढली म्हणून मोर आणि साळिंदरही तिथेच राहायला आले.

थंडी पडली आणि तांबूला जागचे उठवेना. केतकी नव्या दाराशी गेली. तिघे ओट्यावर ऊन खात बसले होते. पुराव्याची पद्धत आता सोपी केली आहे, असे मोराने तिला उदारपणे सांगितले. यापुढे कुणाची साक्ष लागणार नव्हती.

"हयात जनावर ओझं घेऊन उठतं," घूस म्हणाली. "बसा."

केतकी गुडघे मोडून बसली. जवळपास दुसरे ओझे नव्हते, तेव्हा तिघेच वर चढले. घूस पुढे, मोर पिसारा सावरत मध्ये, साळिंदर मागे. त्याचे काटे तिच्या कातड्यात रुतले. तिने तांबूचे तोंड डोळ्यांपुढे आणले, दम धरला आणि थरथरत उठली.

उठताच ती थबकली. उभा जन्म तिने जवांची पोती वाहिली होती; पाठीवरचे वजन ओळखण्यात तिची कधी चूक होत नसे. हे वजन तिच्या ओळखीचे होते. तिन्ही कोठारांत मिळून तिचे एवढेच जव होते.

"हयात आहे," वरून घूस म्हणाली.