आठ कोअर आणि एकच किल्ली

नदीकाठच्या एका जंगलात एक टिटवी राहत असे. पाऊस वर डोंगरात पडे आणि पूर मात्र खाली हिच्या वाळूत येई. पिल्लांना उडता येत नसले, तरी तासभर आधी कळले तर त्यांना चालवत टेकाडावर नेता आले असते. जंगलाचा जुना संगणक वरच्या आठ ओढ्यांच्या पाण्याचे गणित एकामागून एक करी, आणि पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजेपर्यंत पाणी दारात येई. गेल्या साली तिची चार पिल्ले अशीच गेली.

ती रोज सभेत जाऊन रडू लागली, तेव्हा कंटाळून मुखिया कोल्ह्याने आठ कोअरचा नवा संगणक आणला. बाळांनो, कोअर म्हणजे संगणकाचे डोके. आठ ओढे, आठ डोकी. काम एकदमच उरकायला हवे होते. कोल्ह्याने यंत्राला हार घातला आणि टिटवीसोबत फोटोही काढून घेतला.

पण कोअरना काम वाटून देणारा प्रोग्राम, म्हणजे रनटाइम, म्हाताऱ्या अस्वलाने एका कोअरच्या काळात लिहिलेला होता. त्यात कामाला कुलूप होते आणि त्याची किल्ली एकच होती. जिच्याकडे किल्ली ती कोअर काम करी, बाकीच्या सात बसून राहत. मुंगीने आत शिरून हे पाहिले.

"अस्वलदादा, ओढे वेगवेगळे आहेत. मग किल्ली एकच कशाला?" ती म्हणाली.

"दोन कोअरनी एकाच वेळी एकाच आकड्याला हात घातला की गोंधळ होतो. आणि किल्ली काढायची तर सगळं नव्याने लिहावं लागेल. इतकी वर्षं काही बिघडलं का?"

"माझी पिल्लं गेली," टिटवी म्हणाली.

"नवीन यंत्र दिलंय ना तुला? आता रडगाणं पुरे," कोल्हा म्हणाला.

श्रावणात डोंगरावर ढग फुटले. टिटवी भोंग्याच्या भरवशावर वाळूतच थांबली. आत किल्ली या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत होती, त्यातही वेळ जात होता. सहाव्या ओढ्याचे गणित चालू असतानाच पाणी आले. आठही गणिते संपली, मग भोंगा वाजला. अंदाज इंचभरही चुकला नव्हता. टिटवीची तिन्ही पिल्ले वाहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. मला त्या सभेची अजून चीड येते. कोल्हा डोळे पुसत म्हणाला, "आठ कोअर कमी पडल्या. आता सोळा आणू." अस्वलाने मान डोलावली. मुंगीला कोणी बोलूच दिले नाही.

तात्पर्य : काम अडवणारे कुलूप तसेच ठेवून कामाला कितीही डोकी लावली, तरी उशीर तेवढाच होतो, आणि तो भोगायला कुलूप लावणारे कधीच काठावर राहत नसतात.