शौचालयाशेजारचं चित्र

परीक्षक म्हणून धुंडिराज घारपुरे येणार म्हटलं की गावच्या कलादालनातले हौशी चित्रकार धास्तीने आपली चित्रं पुन्हापुन्हा खोडून रंगवायचे. सिंधूताई खोपकर मात्र नाही. त्यांनी यंदा दोन भांडणाऱ्या कोळणी रंगवल्या होत्या, बघताना शिव्या ऐकू येतील अशा.

घारपुऱ्यांनी नाक मुरडलं. "नाकारत नाही, पण याची जागा शौचालयाशेजारी."

"चालेल की," सिंधूताई म्हणाल्या.

दर्शनी भिंतीवर लागलं खुद्द परीक्षकांचं 'अनंत', म्हणजे करड्या रंगाने माखलेला भलामोठा कॅनव्हास. समोर चिंतनासाठी मखमली खुर्च्या!

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आधी चहा झाला, मग घारपुऱ्यांचं लांबलचक भाषण. ते संपताच सगळी मंडळी शौचालयाकडे धावली आणि रांगेत उभी राहून कोळणींकडे बघत खो-खो हसली. संध्याकाळी प्रेक्षकांची मतं मोजली, तर पहिला नंबर कोळणींचा!

घारपुरे माइकवरच कडाडले, "हा कसला निकाल? लोक चित्रासाठी थांबलेच नव्हते, त्यांना लागली होती म्हणून थांबले!"

सिंधूताईंनी पदर खोचला. "खरंय, साहेब. पण मोकळे होऊन आल्यावरही ते तिथंच उभे होते. आणि तुमच्या अनंतापुढं मखमली खुर्च्या मांडूनसुद्धा कुणी बूड टेकलं नाही."

पुढच्या वर्षी शौचालयाशेजारच्या भिंतीसाठी चित्रकारांत झुंबड उडाली. सगळ्यात आधी वशिला लावला होता घारपुऱ्यांनी.