टायरवरचे चार आकडे

मंगळवार, सकाळचे अकरा. कोल्हापुरातलं टायरचं मोठं दुकान. एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक इलाही शिकलगार आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी परवडणारे टायर मागत होते.

"स्वस्तातले घालून मरायचंय का, चाचा?" मालक वसगडेकर सगळ्यांदेखत खेकसले. "हा परदेशी घ्या. ताजा माल! याच मालातले चार परवा शाळेच्या व्हॅनला बसवले."

शिकलगारांनी टायरवरचं चकचकीत पॉलिश अंगठ्याने पुसलं. खाली कारखान्याचा शिक्का होता : २३१४.

"दोन हजार चौदाचा तेविसावा आठवडा. एवढं जुनं रबर पळताना फुटतं. शेठ, माझी गाडीही म्हातारी आहे, पण कलप लावून वय चोरत नाही!"

गिऱ्हाइकं हसली. वसगडेकर निर्लज्जपणे पुन्हा पॉलिश मारू लागले.

ती व्हॅन कोणत्या शाळेची, हे शिकलगारांनी विचारूनही वसगडेकरांनी अजून सांगितलेलं नाही.