पिटूला ठेवू कुठे?

खाडीकाठी एक बांध होता. बांधाआड भाताचं शेत. शेताच्या कडेला एक बीळ. बिळात राहायची चिटकी उंदरी, तिची आई आणि बाळ पिटू. पिटू शेंगदाण्याएवढा. डोळेसुद्धा उघडले नव्हते त्याचे.

एकदा काय झालं, बिळात पाणी आलं. बुडुक बुडुक. पेंढ्याची गादी भिजली. आईने पिटूला तोंडात धरलं नि ती बांधावर चढली. बांध ओला. गवत ओलं. पिटूला ठेवायला कोरडी जागाच नाही.

"आई, आता काय करायचं?" चिटकीने विचारलं.

"म्म म्म," आई म्हणाली. तोंडात बाळ. बोलणार कशी बिचारी?

चिटकीला काही कळलं नाही. पण आईची मान दुखत होती, ते दिसत होतं. मग चिटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

गेली शेताकडे.

"शेता, शेता, पाणी सोड. पिटूला ठेवू कुठे?"

शेत म्हणालं, "मी काय हौसेने धरून बसलोय? बांधाचं दार बंद आहे. दार सांभाळणारी काकी फळी उचलेल, तेव्हा पाणी सोडीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

बांधाचं दार म्हणजे एक लाकडाची फळी. दोर ओढला की फळी वर. तिथे चांगुणाकाकी बसली होती, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं घेऊन.

"काकी, काकी, फळी उचल. शेत पाणी सोडेना. पिटूला ठेवू कुठे?"

"आता नको गो बाय," काकी म्हणाली. "आत पाणी कमी, बाहेर जास्त. हे बघ."

तिने फळी बोटभर उचलली. भस्स. पाणी बाहेर गेलंच नाही. आत आलं. काकीने पटकन फळी खाली टाकली.

चिटकी बघतच राहिली. दार उघडलं की आतलं बाहेर जातं ना? मग हे काय उलटंच? तिने पाणी चाटलं. एकदा गोड लागलं. एकदा खारट लागलं.

"काकी, हे नदीचं की समुद्राचं?"

"दोघांचं. तिथेच तर घोळ आहे. नदी उतरेल, तेव्हा फळी उचलीन."

चिटकीने डोकं खाजवलं. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

नदी टम्म फुगली होती. खळखळ खळखळ.

"नदी, नदी, खाली उतर. काकी फळी उचलेना, शेत पाणी सोडेना. पिटूला ठेवू कुठे?"

"उतरू कशी गो?" नदी म्हणाली. "डोंगरावरून पाणी येतंच आहे. पुढे खाडी जाऊ देत नाही. खाडी वाट देईल, तेव्हा उतरीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"खाडी, खाडी, वाट दे. नदी उतरेना, काकी फळी उचलेना, शेत पाणी सोडेना. पिटूला ठेवू कुठे?"

खाडी रडकुंडीला आली होती. "इकडून नदी रेटते, तिकडून समुद्र रेटतो. मी मधल्या मध्ये. समुद्र मागे सरेल, तेव्हा वाट देईन."

आता कोणाचं खरं मानायचं? चिटकीला काही कळेना. जो तो दुसऱ्याचं नाव सांगतो. पण पिटू अजून आईच्या तोंडातच होता ना. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

समुद्र केवढा मोठा. धडाम धडाम.

"समुद्रा, समुद्रा, मागे सर. खाडी वाट देईना, नदी उतरेना, काकी फळी उचलेना, शेत पाणी सोडेना. पिटूला ठेवू कुठे?"

समुद्र म्हणाला, "भरती संपली. मी घरी निघालोच होतो. पण हा वारा मला ढकलतोय. वारा थांबेल, तेव्हा मागे सरीन."

चिटकी सुरूच्या झाडावर चढली. सरसर सरसर. अगदी शेंड्यावर. शेंडा डुले, चिटकी डुले.

"वाऱ्या, वाऱ्या, जरा थांब. समुद्र मागे सरेना, खाडी वाट देईना, नदी उतरेना, काकी फळी उचलेना, शेत पाणी सोडेना. पिटूला ठेवू कुठे?"

"सूं सूं. काय म्हणालीस? ऐकू नाही आलं," वारा म्हणाला.

झालं. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. चिटकी दमलेली, भिजलेली, त्यात शेंडा गरागरा फिरणारा. तिच्या डोक्यात सगळा काला झाला.

"वाऱ्या, वाऱ्या, जरा थांब. समुद्र फळी उचलेना, नदी काकीला वाट देईना, खाडी शेतात बसेना... शेताला ठेवू कुठे?"

"शेताला?" वारा म्हणाला. "शेताला कुठे ठेवायचं?"

आणि तो हसायला लागला. खो खो खो. समुद्र फळी उचलेना म्हणे. खो खो खो. हसून हसून वाऱ्याचा दम संपला. मग काय, वारा थांबला.

वारा थांबला, तसा समुद्र मागे सरला. समुद्र सरला, तशी खाडीने वाट दिली. खाडीने वाट दिली, तशी नदी उतरली. नदी उतरली, तशी काकीने दोर ओढला. फळी वर. आता पाणी आत नाही आलं, बाहेर गेलं. गुळुक गुळुक. शेताने पाणी सोडलं. बीळ रिकामं झालं. चिटकी झाडावरून उतरली नि घरी आली. तुरुतुरु तुरुतुरु.

काकीने आपल्या झोपडीतून मूठभर कोरडा पेंढा आणला. "घे गो बाय. तुमच्या बाळाला."

पेंढा अंथरला. आईने पिटूला हळूच खाली ठेवलं. पिटू पेंढ्यात शिरला नि म्हणाला, "चीं."

आईने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग चिटकीला कुशीत ओढलं.

"आई," चिटकी म्हणाली, "मग पाणी होतं कोणाचं? नदीचं? समुद्राचं? का वाऱ्याचं?"

"मला तरी कुठे कळलंय गो," आई म्हणाली.

बाहेर काकीने फळी पुन्हा खाली टाकली. भरती काय, परत येतेच. दोर हातात धरून काकी बसून राहिली.

गोष्ट गेली ओहोटीला,
चिटकी निजली आईच्या कुशीला.