वडापासून पाच मिनिटांवर

त्या राज्यात पोट भरायचे ते वडावर आणि झोपायचे ते जमेल तिथे, अशी रीत होती. वडावर फळे होती, दरबार होता, नाव होते. फक्त टेकायला रिकामी फांदी नव्हती.

माळावरच्या बाभळीला मात्र कुणी विचारत नसे. तिथे दगडोजी नावाचा सरडा एकटाच राही. सकाळी शेंड्यावर पडून ऊन खायचे, हेच त्याचे वतन. उन्हाशिवाय त्याचे अंग हलत नसे. त्याची धाव कुंपणापर्यंत, आणि त्याचा त्याला अभिमानच होता.

एक दिवस साळुंकी आली आणि तिने बाभळीचे नाव ‘वडापासून पाच मिनिटांवर’ असे गावभर केले. ही मिनिटे बहुधा घारीची असावीत. प्रत्येक बिऱ्हाडाने दगडोजीला रोज एक किडा आणून द्यायचा, असे ठरले. दगडोजीच्या तोंडाला पाणी सुटले.

पाखरांची बिऱ्हाडे आली. उजाडायच्या आत सगळी वडाकडे उडत आणि दिवेलागणीला चोची वासून परतत. दगडोजी त्यांना हसे. ऊन दारात यायच्या आत यांची घराबाहेर पडायची घाई, असे तो किडा चघळत म्हणे.

मग घरट्यावर घरटे चढले. ऊन आधी त्याच्या शेपटीवरून गेले, नंतर पाठीवरून. त्याने कुरकुर केली तेव्हा साळुंकी म्हणाली, "ऊन काय, कुठेही मिळतं दगडोजी. असा पत्ता मिळत नाही."

पुढे वड पसरत पसरत इतका जवळ आला की त्याची पारंबी थेट बाभळीत उतरली. आता आपण वडातच राहतो, म्हणून पाखरांनी सण केला आणि दुसऱ्या दिवसापासून किडे बंद केले. वडावर कुठे कुणी सरड्याला किडा देते? गार सावलीत दगडोजीचे पाय आखडू लागले. तो मनातून पार घाबरला.

शेवटी एका पहाटे पानात चार मुंग्या बांधून तो आखडल्या पायांनी कसाबसा खाली उतरला आणि जन्मात पहिल्यांदा कुंपण ओलांडून चालू लागला. पलीकडच्या माळावर एक एकटी बाभूळ होती. तो शेंड्यावर पोचला तेव्हा दुपार कलली होती. तिथे ऊन खात पडलेल्या सरड्याने सरकून जागा दिली आणि विचारले, "कुठले तुम्ही?"

"वडातले," दगडोजी धापा टाकत म्हणाला. "आता रोज ऊन खायला येत जाईन."

"एवढ्या लांबून रोज येणार? मग इथेच का राहत नाही?"

"वड सोडून?" दगडोजीने मान ताठ केली.

ऊन अंगात मुरते न मुरते तोच परतायची वेळ झाली. उतरताना त्याला खालच्या फांदीवर साळुंकी दिसली. ती एका डहाळीवरून दुसरीवर उड्या मारत घरट्यांच्या जागा बघत होती.