अण्णांच्या गाडीतून पाठवणी

एका गावात एक भोळा काका होता. नाव नारबा. त्याला गाडी चालवता यायची, पण चालू करता यायची नाही.

गाडी थोरल्या भावाची, अण्णांची. नारबाच्या वयाची. अण्णा नेहमी म्हणायचे, "आमची वैजू सासरी जाईल ती याच गाडीतून." अण्णा गेले. आता वैजूचं लग्न चार दिवसांवर आलं आणि गाडी काही बोलेना. वैजू म्हणाली, "काका, मी दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही." नारबा म्हणाला, "ठेवू नकोस. मी आहे." घरातल्यांनी देव पाण्यात ठेवले.

तालुक्याच्या दस्तगीर मिस्त्रीचा पाय प्लास्टरमध्ये होता. म्हणून नारबा सायकलवरून त्याच्याकडे गेला.

मिस्त्री म्हणाला, "बॅटरी बघ. पांढरं साचलेलं दिसलं की गरम पाणी ओत."

नारबाने बॅटरी बघितली. पांढरं होतं. पाणी ओतलं. गाडी धडधडली! नारबाने गावात पेढे वाटले.

मग त्याला फ्यूजची डबी दिसली. आत चिनीमातीचे फ्यूज. पांढरेशुभ्र. नारबाने त्यावर किटलीभर गरम पाणी ओतलं. हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना. शेजारणीने कानात कापूस घातला.

नारबा पुन्हा सायकलवर.

"अरे लेका, फ्यूजवर पाणी? ओलं झालं की पाणी काढायचं, उन्हात वाळवायचं!"

"वाळवतो की."

फ्यूज वाळले, हॉर्न गप्प झाला. नारबाला वाटलं, आणखी कुठे ओल राहायला नको. त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. बापरे! आत काठोकाठ पाणी! त्याने ते सगळं काढलं आणि गाडी दिवसभर उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी वेशीपर्यंत जाऊन गाडी बंबासारखी तापली.

"रेडिएटर वाळवलास?" मिस्त्रीने प्लास्टरवरच हात आपटला आणि कळवळला. "गाडी गार होऊ दे, मग पाणी भर. आणि करंट आहे का, ते दिवे लावून बघ."

नारबाने पाणी भरलं. दिवे लावले. समोर खुर्ची टाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत बसला. करंट होता. चारच्या सुमाराला थोडा कमी वाटला. पाचला राहिलाच नाही.

उद्या लग्न.

मिस्त्री आता ओरडलासुद्धा नाही. बारीक आवाजात म्हणाला, "बॅटरी बसली. आता धक्का मारायचा. आणि नारबा, एकदा सुरू झाली की पोचेपर्यंत थांबायचं नाही. काहीही झालं तरी."

"अजिबात नाही थांबत."

सकाळी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. वैजू शालू नेसून मागे बसली. मामा, आत्या, करवल्या, सगळे धक्का मारायला लागले. गाडी जड. हलेना. पुन्हा जोर लावला. तेवढ्यात हलली, पळाली, फटफटली! नारबा सुटला. मागून "काका! अहो काका!" असा गलका झाला. नारबा मनात म्हणाला, थांबायचं नाही.

मुहूर्ताला सात मिनिटं असताना तो कार्यालयात पोचला. उतरून ऐटीत मागचं दार उघडलं.

सीटवर एक नारळ होता.

"नारबा, नवरी कुठाय?" नवऱ्याच्या वडिलांनी विचारलं.

"घरून निघताना गाडीत बसली होती की," नारबा म्हणाला आणि सीटखाली वाकून बघू लागला.

तेवढ्यात नवरी आली. दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, दोन कॅनच्या मधे. मुंडावळ्या एका कानावर, हात ग्रीसने काळे.

"गाडी हलेना म्हणून मी पण उतरले होते धक्का मारायला!" वैजूला हसू आणि रडू एकदमच आलं. "काका, पुढच्या वेळी निघताना मागे वळून बघा. नवरी बसलीय ना, एवढं तरी बघा!"

नारबाचा चेहरा उतरला. "बघतो गं पोरी. अण्णांची शपथ."

अक्षता पडल्या. जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली. सगळे रडले आणि डोळे पुसून धक्का मारायला लागले. गाडी हलेना. नवरदेव दिनकर भला माणूस. शेला खोचून तोही उतरला. गाडी फटफटली.

नारबाने मान वळवून नीट बघितलं. नवरी बसलीय? बसलीय. सुटला.

"काका, थांबा! अहो थांबा!" वैजू ओरडत होती.

"पोचेपर्यंत नाही!" नारबा आनंदाने ओरडला.

सासरच्या दारात सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. गाडी थांबली. वैजू एकटीच उतरली. सासूबाईंनी गाडीत डोकावून बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

"अहो, आमचा दिनकर कुठाय?"

नारबाने छाती फुगवली. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याचं काही चुकलं नव्हतं.

"नवरी बघून आणलीय," तो म्हणाला. "नवऱ्याचं कुणी बोललंच नव्हतं."