बुवांचा आवाज

"हा आवाज तुमचा नाही, बुवा. मग कोणाचा आहे?"

दिगंबरबुवा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

विचारणारी वैजयंता. बुवांच्या मठात दहा वर्षं कीर्तन शिकलेली. इतक्या तिखट कानांची की ती समोर असली तर तंबोरा जुळवायला कोणी धजत नसे. तिला त्याचा गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही.

चौतिसाव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही कान गेले. त्यानंतर अकरा वर्षं ती मठात येई, तेव्हा ती बोलायची आणि बुवा पाटीवर लिहायचे.

तीन महिन्यांपूर्वी तिचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. आतल्या कानात बारीक तार, बाहेर कानामागे छोटंसं यंत्र. ते लावून ती आज पहिल्यांदाच मठात आली होती.

"पहिले आठ दिवस नुसते डब्यात खडे वाजत होते," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, यंत्र फक्त खुणा पाठवतं. त्यांचे शब्द मेंदूने करायचे. त्याला सवय होऊ द्या."

"झाली?"

"शब्द कळतात आता."

"मग?"

"नुसते शब्द घेऊन काय करू? डॉक्टर, भाजीवाली, सगळे पत्र्यातून बोलतात. आणि तुमचा आवाज तर सगळ्यांत वाईट!"

बुवा हसले. लाडक्या शिष्येचं हे फणकारणं त्यांना मनापासून आवडायचं.

"हसू नका. मी हे यंत्र काढून ठेवणार आहे. कायमचं. तेच सांगायला आले."

बुवांचे हात थांबले.

"का गं?"

"काही ऐकू येत नव्हतं तेव्हा तुमचा आवाज माझ्याजवळ होता. जसाच्या तसा. पाटी वाचताना मला तो ऐकू यायचा. हे लावल्यापासून तो पुसट होत चाललाय, बुवा. तो गेला तर..."

"कसा होता तो?"

"भरदार. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटायचं, बुवा माझ्या शेजारी बसून बोलतायत."

"आणि आत्ता कसा येतो?"

"बारीक. चिरका. मध्येच फुस्स होतं, वारा सुटल्यासारखं."

मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या मथुराकाकू दारात येऊन उभ्या होत्या. बुवा त्यांच्याकडे वळले.

"काकू, ही म्हणते माझा आवाज बारीक झालाय, चिरका झालाय. मध्येच वारा सुटतो."

"मग खोटं काय त्यात?" काकू म्हणाल्या. "दात पडल्यापासून असाच आहे. चार वर्षं झाली. कीर्तन काय उगीच सोडलंत?"

वैजयंता बघतच राहिली.

"मला का नाही सांगितलंत?"

"पाटीवर काय लिहू? आमचे दात पडले?"

"म्हणजे यंत्र खरं सांगत होतं?"

"थोडा दोष त्याचा. थोडा माझा."

"पण या आवाजात तुम्ही मला सापडत नाही, बुवा," ती हळूच म्हणाली. "खरंच सापडत नाही."

बुवा उठले. त्यांनी तोंडातली कवळी काढून हातात घेतली. तिला ओठ दिसू नयेत म्हणून पाठ फिरवली, आणि काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं. "मला एक अक्षर कळलं असेल तर शपथ."

"उन्हातून आलीयेस, आधी दोन घास खाऊन घे," वैजयंता सहज म्हणाली.

"अगं बाई! माझे कान धड, आणि मला कळलं नाही. तुला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? ते दुसरं काय म्हणणार..."

ती मध्येच थांबली.

बुवा कवळी बसवून पुन्हा समोर येऊन बसले. तिचा हात कानामागच्या यंत्राकडे गेला. काढायला गेला की जपायला, तिचं तिलाच कळेना. डोळे मात्र भरून आले होते.

"पण तो जुना आवाज, बुवा... तो पुसला गेला तर?"

बुवांनी फोडलेल्या शेंगांचे दाणे तिच्यापुढे सरकवले.

"तो बुवा अजून तरणा आहे, वैजू. त्याचं तो बघून घेईल. या म्हाताऱ्याचं ऐकायला कोणी नको का?"